गर्दीची संकेतस्थळे आणि मजकुराचा साचा

(शासकीय संकेतस्थळांशी संबंधित अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय वरकरणी केवळ तंत्रज्ञांचा वाटण्याचा संभव आहे. एक्सएमएल या पद्धतीने जतन केलेल्या मजकुरापासून संकेतस्थळाची पाने तयार करावयाची आणि त्या संकेतस्थळावर वाचकांची मोठी गर्दी होणार असेल, तर पानांचा साचा कोणत्या पद्धतीने चालवावा, हा तो प्रश्न होय. मी कला शाखेचा पदवीधर आहे. संगणकाचा कारागीर नव्हे. तरीही या विषयावर बोलण्याचे मी मान्य केले. कारण ही निवड अखेर कंत्राटदाराच्या कचेरीत नव्हे, तर आपल्या टेबलावर होत असते. निविदेच्या अटी आपण लिहितो, काम पूर्ण झाल्याचा दाखला आपण देतो आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी पान उघडले नाही, तर नागरिकाला उत्तरही आपल्यालाच द्यावे लागते. ज्याचे उत्तरदायित्व आपल्याकडे, त्याचे मर्म आपल्याला ठाऊक असलेच पाहिजे.

नमुना आणि नोंद

सात-बाराचा उतारा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यात दोन गोष्टी एकत्र आलेल्या असतात. एक म्हणजे गाव नमुन्याचे छापील रकाने. दुसरी म्हणजे त्या रकान्यांत भरलेली नोंद. रकाने गावोगावी तेच असतात, नोंद मात्र प्रत्येक गटाची निराळी. फेरफार मंजूर झाला म्हणून कोणी नवे रकाने आखत बसत नाही आणि नमुन्याची मांडणी सुधारली म्हणून कोणाचा हक्क बदलत नाही. नमुना आणि नोंद यांची ही फारकत महसुली दप्तराचे फार मोठे बळ आहे.

एक्सएमएलचे तत्त्व नेमके हेच होय. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी त्याची शिफारस प्रसिद्ध केली. या पद्धतीत मजकुराच्या प्रत्येक भागाला तो भाग काय आहे हे सांगणारी खूण लावतात. हे अधिनियमाचे नाव, हे कलम, हे पोटकलम, ही अंमलाची तारीख. ते ठळक छापावे की मध्यभागी, याविषयी मूळ मजकूर मौन पाळतो. ते सांगण्याचे काम साच्याचे. हा साचा लिहिण्यासाठी त्याच संस्थेने १६ नोव्हेंबर १९९९ रोजी एक्सएसएलटी ही स्वतंत्र भाषा शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. ‘कलम आढळले की त्याचा क्रमांक ठळक घ्यावा, पोटकलम आढळले की ते थोडे आत सरकवावे’, अशा नियमांची ती बनलेली असते.

ही पद्धत आपल्यापासून दूर नाही. आधारची ऑफलाइन पडताळणीसाठी मिळणारी फाइल एक्सएमएल स्वरूपातच असते. कंपन्यांचे वार्षिक हिशेब ज्या एक्सबीआरएल स्वरूपात दाखल होतात, तेही एक्सएमएलवरच उभारलेले आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. नोंद आणि नमुना वेगळे ठेवले. पण वाचकाला पान हवे असते ते दोन्ही एकत्र जुळलेले. ही जुळणी कोठे करावयाची आणि केव्हा करावयाची? या प्रश्नाला तीन उत्तरे आहेत. वाचकाच्या स्वतःच्या यंत्रात. आपल्या सर्व्हरवर, वाचकाने मागणी केली त्या क्षणी. अथवा आपल्याच सर्व्हरवर, पण मजकूर प्रसिद्ध करण्याच्या वेळी.

जुळणी वाचकाच्या यंत्रात

पहिला मार्ग दिसावयास मोहक आहे. वाचकाकडे केवळ मूळ मजकूर पाठवावा. साचा त्याच्या ब्राउझरने एकदाच उतरवून घ्यावा आणि जुळणीचे कष्ट त्याच्याच यंत्राने घ्यावेत. वाचक कितीही वाढले तरी सर्व्हरवर जुळणीचा बोजा पडत नाही.

परंतु या मार्गाचा इतिहास सावध करणारा आहे. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर ५ हा ब्राउझर मार्च १९९९ मध्ये आला, तेव्हा एक्सएसएलटीचे मानक अंतिम व्हावयाचे होते. साहजिकच त्यात मसुद्याप्रमाणे चालणारी बोली घातली गेली. नोव्हेंबरात अंतिम मानक आले ते तिच्याहून भिन्न होते आणि मसुद्यावर विसंबून लिहिलेले साचे पुन्हा लिहावे लागले. पुढे २००७ मध्ये एक्सएसएलटीची दुसरी आणि २०१७ मध्ये तिसरी आवृत्ती आली. परंतु प्रमुख ब्राउझर पहिल्या आवृत्तीपलीकडे गेलेच नाहीत. अखेर २०२५ मध्ये गुगलने क्रोम ब्राउझरमधून ही सोय टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. या सोयीचा वापर अत्यल्प आहे आणि तिच्यामागील जुन्या सॉफ्टवेअरमुळे सुरक्षेला धोका संभवतो, ही त्यामागची कारणे होत.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. एक्सएसएलटी ही भाषा बंद झालेली नाही. हा निर्णय वाचकाच्या ब्राउझरपुरता आहे; सर्व्हरवर ती पूर्वीसारखीच चालते. बोध घ्यावयाचा तो असा की, जे यंत्र आपल्या ताब्यात नाही त्याच्यावर सार्वजनिक कामाची भिस्त ठेवू नये. गावातील स्वस्त मोबाइल आणि जिल्हा कचेरीतील नवा संगणक या दोहोंवर पान सारखेच उघडावयास हवे. ज्याचे यंत्र दुबळे, त्याच्यावरच अधिक कष्ट लादणारी व्यवस्था लोकाभिमुख म्हणता येणार नाही.

जुळणी मागणीच्या क्षणी

दुसरा मार्ग सर्वाधिक रूढ आहे. वाचकाची मागणी आली की सर्व्हर मूळ मजकूर उघडतो, साचा लावतो आणि पान पाठवितो. मजकूर नित्य ताजा राहतो, हा याचा गुण. याचा दोष गर्दीच्या दिवशीच प्रकट होतो.

थोडा हिशेब करू. समजा, एक पान जुळविण्यास एका प्रोसेसरला ०.२ सेकंद लागतात. म्हणजे तो सेकंदाला ५ पाने देईल. एरवी हे पुरेसे आहे. परंतु एखाद्या दिवशी सेकंदाला १,००० मागण्या आल्या, तर २०० प्रोसेसर लागतील. ते नसतील तर मागण्यांची रांग वाढत जाते. वाचक कंटाळून पुन्हा बटण दाबतो, त्यामुळे रांगेत आणखी एकाची भर पडते आणि थोड्याच वेळात कोणालाच पान मिळेनासे होते. विशेष हे की, त्या १,००० मागण्यांपैकी बहुतेक एकाच पानासाठी असतात. जे पान एकदा जुळवून सर्वांना देता आले असते, तेच आपण हजारदा जुळवीत बसलेले असतो. मुद्रणालयात प्रत्येक प्रतीसाठी खिळे नव्याने जुळविण्यासारखाच हा प्रकार झाला.

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर हल्ले झाले, तेव्हा सीएनएनसारख्या बलाढ्य वृत्तसंस्थेच्या संकेतस्थळालाही वाचकांचा लोंढा पेलेना. अखेर मुखपृष्ठावरील बहुतेक चित्रे व सजावट काढून अगदी साधे, हलके पान ठेवावे लागले. संकटाच्या वेळी लोकांना सजावट नको होती; बातमी हवी होती.

जुळणी प्रसिद्धीच्या वेळी

तिसरा मार्ग म्हणजे मजकूर प्रसिद्ध करतेवेळीच पान जुळवून तयार ठेवणे. मागणी आली की तयार प्रत उचलून द्यावयाची. त्या क्षणी विचार नाही, जुळणी नाही. साधा सर्व्हरदेखील अशी हजारो पाने सहज देऊ शकतो आणि त्या प्रती देशभर पसरलेल्या मध्यस्थ सर्व्हरांवरही ठेवता येतात.

याला योग्य असा मजकूर कोणता? अमेरिकेचे ‘फेडरल रजिस्टर’ हे राजपत्र पाहा. ते १९३६ पासून निघते आणि संघीय कामकाजाच्या प्रत्येक दिवशी प्रसिद्ध होते. २००० पासूनचे त्याचे अंक एक्सएमएल स्वरूपात खुले आहेत आणि त्याचे वाचकस्नेही संकेतस्थळ जुलै २०१० मध्ये सुरू झाले. राजपत्राचा स्वभाव असा की, एकदा प्रसिद्ध झालेला दस्तऐवज मागाहून खोडला जात नाही. चूक निघाल्यास शुद्धिपत्र स्वतंत्रपणे प्रसिद्ध होते. जे बदलणारच नाही, त्याचे पान पुनःपुन्हा जुळविण्याचे कारण काय? शासन निर्णय, अधिसूचना, परिपत्रके, जुने अंक ही सर्व याच जातीची.

याउलट ब्रिटनचे अधिनियमांचे संकेतस्थळ पाहा. तेथील नॅशनल आर्काइव्हजने तेही जुलै २०१० मध्येच सुरू केले. १२६७ सालच्या मार्लबरोच्या कायद्यापासून आजच्या अधिनियमांपर्यंतचा मजकूर तेथे मिळतो आणि त्याचे मूळ एक्सएमएलमध्ये आहे. कोणत्याही कलमाच्या पत्त्यापुढे योग्य शब्द जोडला की तेच कलम मूळ एक्सएमएलमध्ये किंवा पीडीएफमध्ये हाती येते. मूळ एक आणि रूपे अनेक, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. परंतु अधिनियम हे राजपत्राप्रमाणे स्थिर नसतात. त्यांत दुरुस्त्या होतात आणि अमुक तारखेस हे कलम कसे होते, हेही वाचकाला पाहावयाचे असते. कलमे, तारखा आणि प्रादेशिक व्याप्ती यांचा गुणाकार केला, तर संभाव्य पानांची संख्या प्रचंड होते. त्यांतील बहुतेक पाने कोणी कधी मागणारही नाही. अशी सर्व पाने आधीच जुळवून ठेवणे व्यवहार्य नसते.

येथे मध्यम मार्ग उपयोगी पडतो. पान प्रथम मागितले गेले की जुळवावे आणि तयार प्रत काही काळ जपून ठेवावी. या तात्पुरत्या साठवणीला तंत्रज्ञ कॅशे म्हणतात. मघाच्या हिशेबात ही प्रत केवळ एक मिनिट जपून ठेवली, तरी त्या मिनिटातील ६०,००० मागण्यांसाठी जुळणी एकदाच करावी लागेल. मात्र यात एक खाच आहे. प्रतीची मुदत संपण्याच्या क्षणी हजार मागण्या एकदम आल्या, तर हजारही जण नवी जुळणी सुरू करतात आणि सर्व्हर पुन्हा कोलमडतो. यास्तव एकाने नवी प्रत तयार करावी आणि तोवर इतरांना जुनी द्यावी, अशी योजना असली पाहिजे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ५८६१ या दस्तऐवजात ही रीत नोंदविलेली आहे.

व्यक्तिगत पान आणि सर्वांचे पान

कोणी विचारील की, ज्याचे-त्याचे पान निराळे असेल तेथे काय करावे? आपल्या राज्यात दहावीच्या परीक्षेला दरवर्षी सुमारे १५ लाख विद्यार्थी बसतात. निकालाच्या दिवशी ठरलेल्या वेळी घरोघरी एकाच वेळी बटण दाबले जाते. प्रत्येकाचा निकाल निराळा हे खरे. परंतु तो आदल्या दिवशीच निश्चित झालेला असतो. उदाहरणादाखल हिशेब मांडू. एका निकालपत्राला ०.२ सेकंद धरले, तर १५ लाख पत्रांना एका प्रोसेसरचे सुमारे ८३ तास लागतील. २० प्रोसेसरांना चार तासांहून थोडे अधिक. प्रत्येक पान २० किलोबाइटचे धरल्यास सर्व मिळून ३० गिगाबाइट होतात, म्हणजे आजच्या मोबाइलमध्येही मावतील एवढे. रात्रीतून होणारे हे काम ऐन गर्दीच्या तासावर का ढकलावे? अर्थात वेळेआधी ती पाने बाहेर पडू नयेत आणि केवळ बैठक क्रमांक बदलून दुसऱ्याचा निकाल पाहता येऊ नये, ही दक्षता आवश्यकच आहे. सारांश, ‘व्यक्तिगत’ म्हणजे ‘ऐन वेळी जुळविलेले’ असे मुळीच नव्हे.

जे खरोखरच ऐन वेळी करावे लागते, उदाहरणार्थ नवीन अर्ज स्वीकारणे, ते मात्र वेगळे काढले पाहिजे. अमेरिकेतील आरोग्य विम्याचे शासकीय संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाले. त्यातील माहितीपर पाने आधी जुळवून ठेवण्याच्या पद्धतीने बनविली होती. खाते उघडणे, ओळख पटविणे आणि अर्ज भरणे हा भाग मात्र गर्दीखाली कोसळला. पहिल्या दिवशी अवघ्या ६ जणांची नोंदणी पूर्ण झाली, असे अमेरिकी काँग्रेसच्या समितीने उघड केलेल्या टिपणांवरून दिसले. तयार पाने हा सर्व रोगांवरील उतारा नव्हे, हे यावरून ध्यानी यावे. सर्वांसाठी समान असलेल्या पानांचा भार आपण वेगळा काढला, तरच खऱ्या कामासाठी यंत्राची शक्ती शिल्लक राहते आणि त्या भागाची चाचणी स्वतंत्रपणे घेता येते.

साचा कोणत्या घडणीचा

जुळणी केव्हा करावी याइतकाच साचा कसा घडवावा हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. साच्याच्या दोन जाती आहेत. एकात छापील पत्रकाप्रमाणे मजकुरात रिकाम्या जागा सोडलेल्या असतात आणि त्या भरल्या जातात. दुसऱ्यात, एक्सएसएलटीप्रमाणे, कोणता घटक आढळला असता काय करावे याचे नियम असतात.

दरपत्रक, यादी, निकाल अशा ठरावीक रकान्यांच्या माहितीला पहिली जात सोपी व वेगवान पडते. परंतु अधिनियम, अहवाल, पाठ्यपुस्तक यांचे तसे नाही. परिच्छेदाच्या पोटात तक्ता, तक्त्याच्या पोटात टीप, टिपेत पुन्हा एखादा संदर्भ, असा तो मजकूर असतो. काय कोठे येईल हे आधी सांगता येत नाही. तेथे रिकाम्या जागांचा साचा तोकडा पडतो आणि नियमांचा साचा शोभतो.

रिकाम्या जागांच्या साच्यात आणखी दोन धोके संभवतात. पहिला असा की, भरलेला मजकूर निर्धोक करून न घेतल्यास एखादा खोडसाळ मनुष्य त्यातून आपला प्रोग्रॅम पानात घुसवू शकतो. दुसरा असा की, सोय म्हणून साच्यातच निर्णय घेतले जाऊ लागतात. अनुदानास पात्र कोण, याचा नियम साच्याच्या कोपऱ्यात लिहिला गेला, तर उद्या तो शोधणार कोण? सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठातील टेरेन्स पार यांनी २००४ मध्ये एका निबंधात साच्याला निर्णयाचा अधिकारच देऊ नये, असे आग्रहाने मांडले. नमुन्याने रकाने आखावेत. हक्क ठरवू नये.

एक्सएसएलटी मंद असते, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे, कारण सामान्यतः संपूर्ण दस्तऐवज स्मृतीत घेऊनच काम सुरू होते. तथापि, पुष्कळदा मंदपणा भाषेचा नसून वापराचा असतो. साचा प्रत्येक मागणीला नव्याने वाचण्याऐवजी एकदाच सिद्ध करून ठेवावा. प्रत्येक संदर्भासाठी सारा दस्तऐवज धुंडाळण्याऐवजी सूची करून घ्यावी. त्याची सोय भाषेतच आहे. फार मोठ्या दस्तऐवजांसाठी २०१७ च्या तिसऱ्या आवृत्तीत वाचता वाचता रूपांतर करण्याची रीतही दिलेली आहे. आणि जुळणी प्रसिद्धीच्या वेळीच होत असेल, तर एखादा सेकंद अधिक लागला म्हणून वाचकाचे काही अडत नाही.

विचारावयाचे प्रश्न

आता आपल्या कामाची गोष्ट सांगतो. कोणी योजना घेऊन आला, तर तंत्रज्ञानाच्या नावांनी दिपून न जाता त्याला साध्या मराठीत पाच प्रश्न विचारावेत.

पहिला, हा मजकूर किती वेळा बदलतो आणि किती वेळा वाचला जातो? वाचन बदलाच्या मानाने फार अधिक असेल, तर जुळणी बदलाच्या वेळी व्हावी. दुसरा, एका नोंदीत बदल झाला तर कोणकोणती पाने पुन्हा जुळवावी लागतील आणि ती यादी यंत्रच ठेवील काय? अन्यथा एका पानावर नवा दर आणि दुसऱ्यावर जुना, अशी विसंगती राहते. तिसरा, सर्वाधिक गर्दीच्या दिवसाचा अंदाज काय आणि त्याच्या काही पट भार टाकून चाचणी घेतली आहे काय? चौथा, सारे बिघडले तरी किमान आवश्यक माहितीचे एक हलके पान उभे राहील काय? पाचवा आणि सर्वांत महत्त्वाचा, मूळ एक्सएमएल मजकूर कोणाच्या ताब्यात राहील?

या शेवटच्या प्रश्नावर माझा विशेष भर आहे. साचे बदलतात, ब्राउझर बदलतात, कंत्राटदारही बदलतात. मूळ मजकूर स्वच्छ आणि कार्यालयाच्या हाती असेल, तर नवा साचा केव्हाही लावता येतो. तो साच्यात मिसळून गेला, तर प्रत्येक नव्या कंत्राटाबरोबर दप्तर नव्याने टंकलिखित करण्याची पाळी येते.

वाचक थोडे असताना कोणतीही पद्धत चालते. कसोटी लागते ती गर्दीच्या दिवशी. त्या दिवशी येणारा नागरिक हौसेने आलेला नसतो. त्याच्या मुलीच्या प्रवेशाची, पीकविम्याची वा अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत असते. त्याच्यासाठी जे काम आदल्या रात्री करून ठेवता येते, ते त्याच्या मागणीच्या क्षणापर्यंत लांबवू नये, एवढेच या साऱ्या विवेचनाचे तात्पर्य आहे.